ठाणे-डोंबिवलीचा व्यावसायिक फोटोग्राफर: काम दाराशी, हक्क परक्या हाती

उल्हासनगरात शिवलेली जीन्स, भिवंडीच्या मागावर विणलेलं कापड, डोंबिवलीच्या गाळ्यात तयार झालेला स्टीलचा डबा. यातली कुठलीही वस्तू फोनच्या पडद्यावर विकायला ठेवायची तर आधी तिचा फोटो लागतो, आणि तो कसाही काढून चालत नाही. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी निखळ पांढरी लागते, म्हणजे संगणकाच्या मोजमापात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे २५५. वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. गिऱ्हाइकाला मोठं करून शिवण बघता यावी म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेलची हवी. हे नियम पाळून दिवसभर ढीगभर वस्तू एकामागून एक टिपून देणं हा आता एक पूर्ण वेळेचा धंदा आहे, आणि तो करायला अंधेरीत किंवा लोअर परळला स्टुडिओ असण्याची गरज उरलेली नाही. एखादा रिकामा गाळा, दोन सॉफ्टबॉक्स, पांढऱ्या कागदाचा गुंडाळा आणि मदतीला एक पोरगा एवढ्यावर तो सुरू होतो.

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या जवळ. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा देशात सर्वाधिक लोकसंख्येचा होता. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला. एवढ्या मोठ्या वस्तीत कॅमेऱ्यावर पोट भरू पाहणाऱ्याला वर्षानुवर्षं दोनच रस्ते माहीत होते. एक, स्टेशनजवळ छोटा स्टुडिओ टाकून पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नाचे अल्बम करायचे. दुसरा, सकाळची लोकल पकडून मुंबईतल्या एखाद्या नावाजलेल्या छायाचित्रकाराकडे सहायक म्हणून राबायचं. तिसरा रस्ता, म्हणजे इथेच राहून इथल्या उद्योगांसाठी व्यावसायिक छायाचित्रण करणं, गेल्या काही वर्षांत रुंद झाला. काम दाराशी आलं आहे. तरीही या कामातून कारकीर्द उभी राहताना फारशी दिसत नाही, आणि त्याचं मुख्य कारण कॅमेऱ्यात सापडत नाही. इथला फोटोग्राफर आपली मेहनत विकतो. खरं विकायचं असतं ते फोटो वापरण्याचा हक्क. तो हक्क बहुतेक वेळा लेखी शब्दाविना, न मागताच दुसऱ्याकडे जातो.

या धंद्याची मुंबईतली मुळं जुनी आहेत, आणि त्यांत मराठी नावं पहिल्यापासून आहेत. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १८५३ मध्ये धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीत सक्रिय होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रं काढत. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. सावे दादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर मूळचे स्टुडिओवाले. १८९९ मध्ये त्यांनी कुस्तीचा सामना चलतचित्रात पकडला तो त्यानंतर. दादासाहेब फाळके यांनीही जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकून गोध्र्याला फोटोचं दुकान थाटलं होतं. प्लेगनं त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेलं आणि ते दुकान संपलं. चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट ओळीभरात उरकते, पण छायाचित्रणावर संसार चालवू पाहणाऱ्या माणसाची ती गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर जाहिरात संस्था वाढल्या आणि छायाचित्रकाराचं गिऱ्हाईक बदललं. लाहोरात जन्मलेल्या मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी मुंबईत राहून औद्योगिक छायाचित्रण ही स्वतंत्र शाखा उभी केली. तेलशुद्धीकरण कारखाने, भट्ट्या, पाइपांची जाळी, धुराडी यांचे त्यांनी घेतलेले कृष्णधवल फोटो आज कलादालनांत टांगले जातात. काढले गेले तेव्हा ते कंपन्यांच्या अहवालांसाठी आणि जाहिरातींसाठी होते. एखाद्या डोंबिवलीकराला आज या क्षेत्रात एकच गुरू निवडायचा असेल तर तो बेदी असावा, कारण त्यांनी जे टिपलं ते ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कारखान्यांत अजून समोर उभं आहे.

गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) हे मराठी घरांत सर्वांत परिचित नाव. त्यांची तारका-ताऱ्यांची व्यक्तिचित्रं सगळ्यांना आठवतात, 'फेसेस' हे १९९७ चं पुस्तकही अनेकांनी पाहिलं आहे. मात्र त्याआधीची वर्षं फार जण लक्षात घेत नाहीत. सेंट झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकलेले राजाध्यक्ष १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात आले आणि १९८७ पर्यंत तिथेच होते. म्हणजे स्वतःच्या नावावर पूर्ण वेळ उतरण्याआधी त्यांनी तेरा वर्षं धंदा आतून पाहिला. क्लायंट काय मागतो, कला दिग्दर्शक काय कापतो, छपाईत रंग कुठे बिघडतो, बिल कसं मंजूर होतं, हे सारं त्यांना नोकरीत असतानाच कळलं. अतुल कसबेकर यांनी रसायन अभियांत्रिकी सोडली, कॅलिफोर्नियातल्या ब्रुक्स इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण घेतलं आणि परतून फॅशन-जाहिरातीत नाव काढलं. २००३ पासूनचं किंगफिशर कॅलेंडर त्यांच्याशी जोडलं गेलं. दोघांचे रस्ते निराळे, पण कॅमेरा घेतल्या दिवशीच दोघांनी दुकान मांडलं नाही. शिकण्याची वर्षं कुणीतरी, कधी पगारानं तर कधी घरच्या पैशानं, उचलली होती.

ठाणे-डोंबिवलीच्या मुलांसाठी त्या वर्षांचा एक पत्ता आजही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर आहे. सर ज. जी. उपयोजित कला संस्था १९५८ मध्ये स्वतंत्र झाली. तिथे छायाचित्रण शिकवतात ते टायपोग्राफी, मांडणी, जाहिरात मोहीम यांच्या जोडीनं, आणि हा जोडविषय फार मोलाचा. नुसता फोटोचा कोर्स केलेल्याला प्रकाश कळतो. उपयोजित कलेतून आलेल्याला फोटोवर मजकूर कुठे बसणार हे आधीच दिसतं, म्हणून तो जागा सोडून चौकट लावतो. अर्थात पाच आकडी, सहा आकडी फी घेणारे अल्पमुदतीचे वर्ग हवे तेवढे आहेत. त्यांतल्या कित्येकांत कॅमेऱ्याची बटणं महिनाभर शिकवतात आणि कोटेशन कसं लिहायचं हे एकदाही नाही.

आता काम कुठे आहे ते पाहू.

ठाण्याची वागळे इस्टेट ही १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. तिथले कित्येक कारखाने गेले, त्यांच्या जागी कार्यालयं आली, पण पंप, व्हॉल्व्ह, नियंत्रण पेट्या, पॅकिंगची यंत्रं बनवणारे छोटे उद्योजक वागळेपासून अंबरनाथपर्यंत अजून पसरलेले आहेत. त्यांना कॅटलॉग लागतो, प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी मोठे फोटो लागतात, निर्यातीच्या चौकशीला उत्तर देताना यंत्राचे सर्व बाजूंचे फोटो लागतात. हे काम दिसायला रुक्ष वाटतं. पण घासलेल्या धातूवर उजेड फिरवणं ही कसोटी आहे. स्टेनलेस स्टीलची टाकी समोरच्या सगळ्या वस्तू, लाइट, कॅमेरा, फोटोग्राफरचा निळा शर्टसुद्धा, आपल्या अंगावर दाखवते. तिच्या भोवती पांढरे पडदे लावून, कडेला काळ्या पट्ट्या उभ्या करून तिचा गोलवा दाखवावा लागतो. ते जमलेला माणूस कारखानदार सहसा बदलत नाही.

डोंबिवलीच्या रासायनिक वसाहतीत आणखी एक गोष्ट आधी शिकावी लागते: सुरक्षितता. जिथे ज्वलनशील द्रावकांची वाफ असते तिथे साधा फ्लॅश, बॅटरी, कधी मोबाइलसुद्धा नेता येत नाही, कारण ठिणगी पुरेशी असते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दिवशी याच वसाहतीत झालेले स्फोट शहर विसरलेलं नाही. कित्येकांचे जीव गेले आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. म्हणून तिथे शूटला जाणाऱ्यानं आधी सुरक्षा अधिकाऱ्याशी बोलावं, हेल्मेट आणि सेफ्टी शूज घालावेत, परवानगी लेखी घ्यावी, आणि जिथे फ्लॅश चालत नाही तिथे ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजरनं काम करण्याची तयारी ठेवावी. ही शिस्त असलेल्या फोटोग्राफरला मोठ्या कंपनीचं दार उघडतं. नसलेल्याला गेटवरून परत पाठवतात, आणि ते योग्यच असतं.

दुसरा मोठा आश्रयदाता म्हणजे बिल्डर. घोडबंदर रोड, कोलशेत, कल्याण-शीळ रस्ता इथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संकुलाला जाहिरात लागते. बराच काळ ती जाहिरात संगणकानं काढलेल्या चित्रांवर चालली: तळ्याकाठी गोरं कुटुंब, मागे नसलेलं जंगल. २०१६ च्या रेरा कायद्यानं जाहिरातीतल्या खोट्या विधानाची जबाबदारी बिल्डरवर टाकली, आणि महारेरानं १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. कोड स्कॅन केला की प्रकल्पाची खरी माहिती गिऱ्हाइकासमोर येते. त्यामुळे तयार झालेल्या इमारतीच्या, नमुना घराच्या, खिडकीतून खरोखर दिसणाऱ्या येऊरच्या डोंगराच्या प्रामाणिक फोटोला वजन आलं. वास्तुछायाचित्रणाला उभ्या रेषा सरळ ठेवणारी टिल्ट-शिफ्ट लेन्स लागते, आणि संध्याकाळची ती थोडी मिनिटं लागतात ज्यांत आकाशाचा निळा रंग आणि घरातले दिवे एकाच तोलाचे असतात. ती मिनिटं चुकली तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावं लागतं. त्या दुसऱ्या दिवसाचे पैसे कोटेशनमध्ये धरलेले नसतील तर नफा तिथेच संपला.

दागिने हे या गावांचं तिसरं दालन. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या पेढ्या सणासुदीला पानभर जाहिराती देतात. ठुशीच्या बारीक मण्यांपासून नथीच्या मोत्यांपर्यंत प्रत्येक दागिना वेगळं मागतो. मॅक्रो लेन्सनं इतक्या जवळून टिपताना जेमतेम काही मिलिमीटर भाग स्पष्ट येतो, म्हणून एकाच दागिन्याचे थोड्या थोड्या अंतरावर फोकस केलेले अनेक फोटो घेऊन ते संगणकावर एकत्र जोडतात. सोन्याचा रंग तर अवघडच. थोडा हिरव्याकडे झुकला की पितळ वाटतो, लालीकडे झुकला की तांबं. पेढीचा मालक दागिना हातात धरून पडद्याशी ताडून पाहतो तेव्हा राखाडी कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतलेला फोटोग्राफरच टिकतो.

जेवणाचे फोटो डिलिव्हरी ॲपमुळे वाढले. बटाटेवडा सोपा, मिसळ कठीण. तर्री थंड झाली की तिची चकाकी मरते, फरसाण रस्सा शोषून बसतं आणि कांदा सुकतो. उजेड आणि चौकट आधी रिकाम्या वाटीवर पक्की करून मगच मिसळ ओतायची, हे मामलेदार मिसळीच्या गावात वेगळं सांगायला नको. नाटकाचं काम मात्र कमी आणि प्रेमाचं. १९७८ पासूनचं गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणचं अत्रे रंगमंदिर या तिन्हींमुळे इथल्या छायाचित्रकारांना रंगमंचावरचा उजेड वाचता येतो. त्या अनुभवाची खरी किंमत पुढे मराठी मालिका-चित्रपटांच्या प्रसिद्धी-शूटमध्ये वसूल होते, कारण मालिकांचे कितीतरी सेट आता ठाण्यातच लागतात.

खाडीकाठाचं हवामान हा या धंद्याचा न सांगितलेला भागीदार आहे. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता इतकी चढते की कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे काचेवरचा लेपच खातात आणि साफ करून घेतली तरी डाग राहतात. कॅमेऱ्याच्या चामडी बॅगेत ठेवणं हे तर आमंत्रणच. आर्द्रता साधारण ४० ते ५० टक्क्यांवर राखणारं विजेचं कोरडं कपाट, किंवा ते परवडत नसेल तर हवाबंद डबा आणि वेळोवेळी तापवून पुन्हा वापरता येणारं सिलिका जेल, हा सुरुवातीच्या खर्चाचा भाग धरायला हवा. नवी लेन्स नंतर घेतली तरी चालेल.

कामाचं वर्षही इथे पावसावर आणि पंचांगावर चालतं. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून लग्नाचे फोटोग्राफर मोकळे असतात, आणि नेमक्या त्याच काळात दसरा-दिवाळीच्या जाहिरातींची शूट निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर धो-धो पाऊस आणि आत पणत्या, रांगोळी, पैठणी असा तो हंगाम. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतलेली आणि डोंगर हिरवे असतात, तेव्हा इमारतींचे फोटो उरकायचे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. ज्यानं ही दोन्ही कामं जोडून घेतली त्याचं वर्ष भरतं. लग्नाचं काम कमी दर्जाचं मानून ते सोडणारे तरुण भेटतात, पण सुरुवातीची काही वर्षं लग्नांच्या पैशावर उद्योगाचा पोर्टफोलिओ उभारण्यात काहीच कमीपणा नाही.

आणि आता मूळ दुखणं.

एका सराफानं दिवाळीच्या पत्रकासाठी वीस दागिन्यांचे फोटो काढून घेतले आणि ठरलेले पैसे दिले, असं समजा. पुढच्या वर्षी तेच फोटो तीन हात नाक्याच्या होर्डिंगवर दिसले, मग वर्तमानपत्रात, मग दुसऱ्या शहरातल्या शाखेच्या कॅलेंडरवर. फोटोग्राफर हळहळतो. कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे काही न लिहिता केलेल्या प्रत्येक कामात हक्क त्याच क्षणी सराफाकडे, बिल्डरकडे, कारखानदाराकडे जातो. फोटोग्राफरला वाटतं की फोटो मी काढला म्हणून माझा. तसं नाही. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंबाबतही वेगळा करार नसेल तर मालकी नोकरी देणाऱ्याचीच.

या कलमातले "उलट करार नसेल तर" हे शब्द इथल्या फोटोग्राफरांनी स्टुडिओच्या भिंतीवर लावावेत इतके महत्त्वाचे आहेत. कोटेशनमध्ये चार ओळी वाढवल्या की चित्र पालटतं: कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, क्लायंटला हे फोटो पत्रक आणि समाजमाध्यमांसाठी एक वर्ष वापरता येतील, होर्डिंग, वर्तमानपत्र किंवा अन्य शाखांसाठी वेगळी रक्कम, पूर्ण पैसे मिळाल्यावरच परवानगी लागू. मुंबईच्या मोठ्या जाहिरात संस्थांत असा माध्यम आणि मुदतीनुसार ठरणारा दर ओळखीचा आहे. डोंबिवलीत ही भाषा काढली की समोरचा चमकतो, हे खरं. पण त्याला दोन दर समोर ठेवता येतात: मर्यादित वापराचा कमी आणि सर्व हक्कांसह खरेदीचा जास्त. निवड त्याची. पहिल्यांदा थोडी कामं जातील, हेही मान्य. तरी जो कधीच मागत नाही त्याला ते कधीच मिळत नाही.

कायद्यात छायाचित्रकाराच्या बाजूचंही बरंच आहे, आणि ते वापरलं जात नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर कलम १९ नुसार तो लेखी असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क विकल्यानंतरही, कलम ५७ प्रमाणे, आपलं कर्तेपण सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. फोटोंचं संरक्षण पूर्वी प्रकाशनापासून ६० वर्षं असे. २०१२ च्या दुरुस्तीत ते वेगळं कलम काढून टाकलं आणि फोटोलाही साहित्य-चित्रकलेप्रमाणे निर्मात्याच्या हयातीनंतर ६० वर्षं मिळाली. आज पंचविशीतल्या मुलीनं काढलेल्या फोटोचं उत्पन्न तिच्या नातवंडांपर्यंत जाऊ शकतं, पण तो हक्क तिनं पहिल्याच बिलाबरोबर देऊन टाकला नसेल तरच.

म्हणूनच कुणाच्या सांगण्यावाचून, स्वतःहून काढलेल्या फोटोंचा संग्रह हा कारकिर्दीचा पाया आहे. तिथे पहिला मालक छायाचित्रकारच. ठाणे खाडीतले रोहित पक्षी घ्या. खाडीच्या या भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर पाणथळ ठरली. अभयारण्यात व्यावसायिक चित्रीकरणाला वन विभागाची परवानगी लागते, हे मात्र विसरता येत नाही. दुर्गाडी, कल्याणची खाडी, मासुंदा तलावाचा संध्याकाळचा काठ, येऊरचा पहिला पाऊस: बँकांची कॅलेंडरं, रुग्णालयांच्या भिंती, कंपन्यांचे अहवाल यांना अशी चित्रं लागतात आणि बऱ्याचदा ती परक्या गावाच्या आयत्या फोटोंनी भागवली जातात. ठाण्याच्या हॉस्पिटलच्या प्रतीक्षागृहात स्वित्झर्लंडचं तळं लागतं, कारण ठाण्याचं तळं कुणी नीट टिपून, नीट मोठं छापून समोर ठेवलेलं नसतं.

माणसांच्या फोटोंचं गणित निराळं आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकारानं सुरू झाली आणि तिथून महाराष्ट्रभर पसरली. फडके रोडवर त्या दिवशी आणि दिवाळीच्या पहाटे नऊवारी, फेटे, नथींची गर्दी असते आणि तिच्याइतकेच कॅमेरे. रस्त्यावरचा तो क्षण टिपणं एक, आणि त्यातल्या एखाद्या मुलीचा चेहरा साडीच्या जाहिरातीत वापरणं दुसरं. १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की संमतीवाचून एखाद्याचं नाव किंवा प्रतिमा जाहिरातीसाठी वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे. म्हणून संमतीपत्राची एक पानी प्रत बॅगेत हवी, मराठीत छापलेली, म्हणजे सही करणारीला ती वाचून कळेल. लहान मुलं असतील तर पालकांची सही. आपल्या हक्कासाठी भांडणाऱ्यानं समोरच्याचा हक्क आधी पाळायला हवा.

पैसे अडकणं हे दुसरं जुनं दुखणं, आणि त्यावर औषध आहे. उद्यम पोर्टलवर नोंदणी केलेला छायाचित्रकार सेवा देणारा सूक्ष्म उद्योग ठरतो. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. प्राप्तिकर कायद्यातल्या बदलानं तर १ एप्रिल २०२४ पासून या मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवणं अवघड केलं. त्यामुळे मार्चअखेर कंपनीच्या हिशेबनीसालाच बिल चुकतं करण्याची घाई असते. नोंदणी फुकट आहे. ती कामाआधी करावी, तंटा उभा राहिल्यावर नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. कोटेशनमध्ये "कर वेगळा" हे दोन शब्द नसतील तर तो आपल्याच खिशातून जातो.

दर ठरवतानाही साधा हिशेब टाळला जातो. समजा तीन लाखांचं सामान चार वर्षं चाललं, तर वर्षाला ७५ हजार आणि महिन्याला सव्वासहा हजार रुपये त्याची झीजच आहे. त्यावर गाळ्याचं भाडं, सहायकाचा पगार, प्रवास, संगणकावर जाणारे तास. शूट एक दिवसाचं दिसतं, मागची निवड आणि रिटचिंग दोन दिवसांचं असतं. हे न मोजता "बाजूचा एवढ्यात करतो" या दरावर हो म्हणणारा फोटोग्राफर महिनाभर राबून सामानाची झीजही भरून काढत नाही. ड्रोन घ्यायचा मोह झाला तरी हाच हिशेब. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं आणि उड्डाणाआधी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कुठल्या रंगाच्या क्षेत्रात येते ते पाहावं लागतं. महिन्यात एखादंच काम असेल तर प्रमाणपत्रधारकाला दिवसापुरतं बोलावणं स्वस्त.

सुरुवातीला सांगितलेल्या पांढऱ्या पार्श्वभूमीच्या कामावर आता सर्वांत मोठं सावट आहे. सपाट ठेवून काढलेल्या कुर्त्याच्या एका फोटोवरून तो घातलेली, चालणारी, हसणारी मॉडेल तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं व्यापाऱ्यांच्या फोनवर आली आहेत. पीसमागे दर घेऊन चालणारं कॅटलॉगचं काम त्यामुळे आटत जाईल, आणि ज्यांनी फक्त त्यावर गाळा भाड्यानं घेतला आहे त्यांनी आजच दुसरं दालन उघडायला हवं. मात्र जिथे फोटो पुरावा म्हणून लागतो तिथे ही साधनं उपयोगाची नाहीत. महारेराच्या नोंदणीतली तयार इमारत, सराफाच्या हॉलमार्क असलेल्या पाटल्या, रुग्णालयाचं खरं शस्त्रक्रियागृह अशी कामं त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात. आणि डोंबिवलीहून परदेशी पाठवायच्या पंपावर नेमप्लेटचा क्रमांक, वेल्डिंगचा सांधा, पॅकिंगच्या पेटीवरचा शिक्का हे सगळं खरेदीदाराला जसंच्या तसं दिसावं लागतं. तो फोटो त्याच पंपासमोर, त्याच गाळ्यात, कंटेनर भरायच्या आधी काढावा लागतो, आणि बोलावणं आल्यावर तासाभरात पोचणारा फोटोग्राफर कल्याण-डोंबिवलीचाच असू शकतो.